उंबऱ्यावरची हद्द

लोव्हेरेन नावाच्या रस्त्यावर एक घर आहे. दार एक, उंबरा एक, पण घरनंबर दोन. दाराच्या एका अंगाला डच झेंड्याची पाटी, दुसऱ्या अंगाला बेल्जियन झेंड्याची. फुटपाथच्या फरशीतून फुल्यांची ओळ येते, दाराच्या मधोमध पोचते आणि उंबऱ्याखाली गडप होते. पर्यटक तिथे एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. त्या घराला मात्र फोटोपेक्षा वेगळी काळजी असणार: कराचा कागद कोणत्या नंबरावर येतो ही.

गावाचं नाव बार्ले. डच भागाला म्हणतात बार्ले-नासाऊ, बेल्जियन भागाला बार्ले-हेर्टोग. (शेवटचा ‘ग’ डच लोक घसा खरवडून ‘ख’सारखा म्हणतात, पण लिहिताना आपण तो ‘ग’च ठेवू.) नासाऊची लोकसंख्या सात हजारांच्या घरात, हेर्टोगची तीन हजारांच्या घरात. पेठ एक, भाषा एक, सोयरिकी एकमेकांत. पण पालिका दोन, बुर्गमेस्टर म्हणजे नगराध्यक्ष दोन, पिनकोड दोन (५१११ आणि २३८७), टेलिफोनचे देश-क्रमांक दोन.

लांबून ऐकलेल्या माणसाचा समज असा होतो की गावाच्या मधून एक रेषा गेली आहे. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. तसं असतं तर लिहिण्यासारखं फार काही नव्हतं. अशी गावं जगात पुष्कळ आहेत. बार्लेचा नकाशा पाहिला तर भाकरीवर तीळ टाकावेत तसे बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या जमिनीवर विखुरलेले दिसतात. शिवाय त्यातल्या दोन मोठ्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात तुकडे: एकात सहा, दुसऱ्यात एक. आठवा डच तुकडा थोडा दक्षिणेला, थेट बेल्जियमच्या मुख्य भूमीत. एकूण ३०. सगळ्यात मोठा बेल्जियन तुकडा दीड चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि गावठाणाचा बराचसा भाग त्यात येतो. सगळ्यात लहान पाव हेक्टरच्या जवळपास, म्हणजे मोजून एक शेत. तेव्हा बार्लेत सीमारेषा शोधायला जाऊच नये. इथे सीमा ही रेषा नव्हे, यादी आहे. गट नंबरांची यादी. सातबारा पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ती कदाचित इतर कुणापेक्षा लवकर समजेल.

ही यादी सुरू झाली ती ११९८ च्या सुमारास. ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री आणि ब्रेडाचा सरदार गॉडफ्री व्हान स्खोटेन यांच्यात व्यवहार झाला. उत्तरेला हॉलंडचा काउंट बळावत होता, त्यामुळे ब्रेडाचा सरदार आपल्या बाजूने बांधलेला असणं ड्यूकच्या फायद्याचं होतं. त्याने बार्लेच्या परिसरातली जमीन गॉडफ्रीला दिली, पण हातचं राखून. ज्या शेतांवर कुळं होती, ज्यांचा सारा येत होता, ती ड्यूककडेच राहिली. पडीक, झुडपाळ, वाळूची जमीन सरदाराकडे गेली. डच भाषेत ‘हेर्टोग’ म्हणजे ड्यूक. आज हेर्टोगचे जे तुकडे दिसतात ते ढोबळमानाने आठशे वर्षांपूर्वीची उत्पन्न देणारी शेतं आहेत, आणि भोवतालचं नासाऊ म्हणजे तेव्हाचं माळरान. कुणा वेड्या नकाशाकाराने रेघोट्या ओढलेल्या नाहीत. आखणी करणारा मोठा हिशेबी होता. त्याने नकाशा पाहिला नाही, वसूल पाहिला, एवढंच.

‘नासाऊ’ हे नाव दोनशे वर्षांनी आलं. १४०३ मध्ये ब्रेडाची वारस योहाना व्हान पोलानेन हिचं लग्न नासाऊच्या एंगेलबर्टशी झालं आणि ब्रेडाचं वतन नासाऊ घराण्यात गेलं. पुढे याच घराण्यातून नेदरलँड्सचं राजघराणं उभं राहिलं. १६४८ चा म्युन्स्टरचा तह झाला तेव्हा ब्रेडा डच प्रजासत्ताकात गेलं, आणि ड्यूकची शेतं टर्नहाउटच्या मुलखाबरोबर दक्षिणेकडे, स्पेनच्या राजवटीत राहिली. तोवर ही दोन वतनदारांमधली वाटणी होती. त्या तहाने ती दोन राज्यांमधली झाली. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला आणि ती दोन आधुनिक राष्ट्रांमधली झाली. शेतं मात्र त्याच बांधांच्या आत होती.

खरी गंमत १८४३ ची. ८ ऑगस्ट १८४३ ला मास्ट्रिख्टला सीमाकरार झाला. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्यामध्ये पूर्वेपासून समुद्रापर्यंत बिडाचे खांब रोवायचे ठरले आणि त्यांना क्रमांक दिले. २१४ क्रमांकाच्या खांबापर्यंत आल्यावर सीमा आखणाऱ्या आयोगाने हात टेकले. २१४ पासून २१५ पर्यंत रेषा ओढताच येईना, कारण मध्ये बार्ले. म्हणून तेवढ्या पट्ट्यात रेषेचा नाद सोडून दिला आणि ‘आहे ते तसंच राहील’ एवढं ठरवलं. आहे ते म्हणजे काय, तर एकेका जमिनीचा क्रमांक घेऊन त्यापुढे तिचा देश लिहायचा. असे ५,७३२ तुकडे लिहून झाले. दोन खांबांमधली ती मोकळी जागा रेषेच्या रूपाने भरायला १९७४ साल उजाडलं, आणि तुकड्यांच्या हद्दी पुऱ्या निश्चित व्हायला १९९५. नेदरलँड्ससारख्या देशात, जिथे पाण्याखालच्या जमिनीचासुद्धा चोख हिशेब असतो, तिथे दीडशे वर्षं हे काम लोंबकळत राहिलं ही गोष्ट आपल्याकडच्या पुनर्मोजणीच्या कंटाळलेल्या अर्जदारांना दिलासा देईल.

यादी म्हटली की नक्कल आली, आणि नक्कल म्हटली की चूक आली. झोंडरआयगन या भागातले ‘अ’ विभागातले ९१ आणि ९२ क्रमांकाचे दोन तुकडे हा त्यातला सर्वांत बोलका मासला. १८३६ ते १८४१ या काळात दोन्ही गावांनी मिळून आपापल्या जमिनींची एक नोंद तयार केली होती. त्या ग्रामनोंदीत स्वच्छ लिहिलं होतं: तुकडे ७८ ते १११, सगळे, बार्ले-नासाऊचे. १८४३ च्या कराराला जी वर्णनपर यादी जोडली तिने, ही ग्रामनोंद आम्ही शब्दश: उतरवून घेतली आहे, असं म्हटलं. आणि शब्दश: उतरवलेल्या त्या यादीत वाक्य निघालं ते असं: ७८ ते ९० नासाऊचे, ९१ आणि ९२ हेर्टोगचे, ९३ ते १११ नासाऊचे. एका वाक्याची तीन वाक्यं झाली, आणि मधल्या वाक्यात दोन तुकडे देश बदलून बसले.

आता हा लेखनिकाचा प्रमाद की मुद्दाम केलेला बदल? आयोगाच्या बैठकींचे कागद, उलटसुलट पत्रं, दोन्हीकडचे नकाशे, सगळं शंभर वर्षं पडून होतं. शेवटी दोन्ही देशांनी १९५७ मध्ये आपसात ठरवून प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेलं. नेदरलँड्सची बाजू दोन पायांवर उभी होती. एक, ही नक्कल करतानाची चूक आहे. दोन, चूक नसली तरी वहिवाट आमची आहे: १८४३ पासून हे तुकडे आमच्या भूमापनात आहेत, खरेदीविक्रीच्या नोंदी आमच्या दप्तरात, तिथले जन्म-मृत्यू-विवाह आमच्या पालिकेच्या वहीत, माळरानाची विक्री आम्ही केली, तिथून जाणाऱ्या रेल्वेमार्गाची परवानगीही आम्ही दिली.

गावकीच्या कोणत्याही भांडणात हा दुसरा मुद्दा जड गेला असता. न्यायालयात तो टिकला नाही. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की ही सगळी स्थानिक कारकुनी कामं आहेत. नासाऊने हे तुकडे आपल्या भूमापनात घेतले म्हणून पुढची कामं आपोआप तिथेच होत गेली. करारावर लिहिलेला हक्क एवढ्याने जात नाही. त्यात डच पक्षाला अडचणीत आणणारा एक जुना कागद होताच. १८९२ मध्ये दोन्ही देशांनी तुकड्यांची अदलाबदल करून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा करार केला होता. तो पुढे मंजूर झालाच नाही, पण त्याच्या मसुद्यात बेल्जियमने नेदरलँड्सला द्यायच्या जमिनींत ९१ आणि ९२ होते. जी जमीन माझीच आहे असं मी म्हणतो, ती दुसऱ्याकडून मागून कशी घेईन? २० जून १९५९ ला दहा विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. तुकडे बेल्जियमचे. निकाल देणारं न्यायालय नेदरलँड्समध्ये बसतं, हेही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं.

फेरफार उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं समजणाऱ्यांनी हा निकाल एकदा तरी वाचावा.

यादीतल्या सीमेचा फायदा गावाला एकदाच मोठा झाला, तो पहिल्या महायुद्धात. १९१४ मध्ये जर्मनीने जवळजवळ सगळा बेल्जियम व्यापला. नेदरलँड्स तटस्थ होता. हेर्टोगच्या तुकड्यांपर्यंत पोचायचं तर जर्मन फौजेला डच जमीन तुडवावी लागली असती, म्हणजे आणखी एका देशाशी युद्ध. त्यामुळे तटस्थ देशाच्या पोटात स्वतंत्र बेल्जियमचे हे थोडे एकर शाबूत राहिले. १९१५ मध्ये तिथे बिनतारी संदेशाचं केंद्र उभं राहिलं आणि दोस्तांच्या हेरगिरीचे संदेश तिथून जाऊ लागले. डच सरकारची कोंडी अशी की आपल्या अंगणात हे चाललंय हे दिसतं, पण अंगणातला तो कोपरा आपला नाही. दुसऱ्या महायुद्धात ही सोय उरली नाही. दोन्ही देश व्यापले गेले आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये पोलिश चिलखती दलाने गाव सोडवलं.

युद्धानंतर आलं लोण्याचं पर्व. डच लोणी स्वस्त, बेल्जियन महाग, आणि मध्ये हे गाव. जकात चुकवून इकडचं लोणी तिकडे पोचवणाऱ्यांच्या कहाण्या या भागात अजून चवीने सांगितल्या जातात. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता कारभाराकडे. सीमेच्या गमतीजमती सगळेच सांगतात. पण दोन वेगळ्या राज्यघटनांखालच्या दोन पालिका एका गल्लीचा कचरा कसा उचलतात, हा प्रश्न माझ्या मते जास्त रोचक आहे.

सर्वांत आधी दाराचा नियम. घरातून सीमा जात असेल तर घर कोणत्या देशाचं? मुख्य दार ज्या देशात उघडतं त्या देशाचं. हा काही तहातला नियम नाही. वहिवाटीने रूढ झालेला आहे. पण त्यावर पुष्कळ काही लोंबतं. रहिवासी कोणत्या पालिकेच्या नोंदवहीत येणार, म्हणजे मत कुठे देणार, आयकर कुठे भरणार, म्हातारपणी मदतनीस कुणाकडे मागणार, हे सगळं दारावर. मग लोकांनी दार हलवलं नसतं तरच नवल. बांधकामाची परवानगी एका देशात मिळत नसेल किंवा कर दुसऱ्या देशात सोयीचा असेल, तर खिडकीच्या जागी दार आणि दाराच्या जागी खिडकी, असे प्रकार इथे झालेले आहेत. भिंत तीच, छप्पर तेच, देश वेगळा. बांधकामाच्या बाबतीत मात्र नुसतं दार पुरत नाही. मागे स्वयंपाकघर वाढवायचं आणि मागची जमीन दुसऱ्या देशाची असेल, तर तेवढ्या भागासाठी त्या देशाच्या पालिकेचे नियम लागतात. एका घराला दोन परवानग्या, दोन आराखडे, आगीच्या आणि उष्णतारोधनाच्या दोन नियमावल्या.

पालिकेला दाराचं एवढं अप्रूप का, याचं उत्तर पैशात आहे. डच पालिकांचं उत्पन्न मोठ्या प्रमाणात सरकारच्या पालिका-निधीतून येतं, आणि त्याच्या वाटपात लोकसंख्या हा एक निकष असतो. स्वतःचा कर म्हणून मुख्यतः स्थावर मालमत्तेवरचा. बेल्जियन पालिकेला रहिवाशाच्या आयकरावर टक्केवारीने अधिभार लावता येतो, शिवाय मालमत्ताकरावरही आपला भर घालता येतो. म्हणजे एखाद्या कमावत्या कुटुंबाने दार चार हात सरकवलं की दोन्हीकडच्या अंदाजपत्रकात थोडीशी हालचाल होते. हेर्टोगमध्ये राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं नागरिकत्व डच आहे, हे त्यात जमेला धरायचं.

कारभाऱ्यांची निवड दोन्हीकडे वेगळी. नेदरलँड्समध्ये शहर आणि खेडं असा भेद नाही. ॲम्स्टरडॅमही खेमेंटे, म्हणजे पालिका, आणि बार्ले-नासाऊही खेमेंटे. सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते: सहा ते दहा हजारांच्या पट्ट्यात १३. निवडणूक दर चार वर्षांनी, मार्चमध्ये. बुर्गमेस्टर मात्र निवडून येत नाही. सभागृह शिफारस करतं आणि राजाज्ञेने नेमणूक होते, सहा वर्षांसाठी. तो सभागृहाचं अध्यक्षपद भूषवतो, पण तिथे त्याला मत नाही. कायदा-सुव्यवस्था त्याच्याकडे. रोजचा कारभार पाहतात ते वेटहाउडर. त्यांना सभागृह निवडतं, आणि २००२ पासून वेटहाउडर झालेल्याला सभागृहाची जागा सोडावी लागते.

हेर्टोगमध्ये निवडणूक दर सहा वर्षांनी, ऑक्टोबरमध्ये. तिथला बुर्गमेस्टर आधी निवडून यावा लागतो. २०२४ पासून फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या प्रदेशात, नियम असा की सत्तेत बसलेल्या आघाडीतली जी यादी सर्वांत मोठी, तिच्यात ज्याला सर्वाधिक वैयक्तिक मतं, तो बुर्गमेस्टर. तिथल्या स्खेपेनला, म्हणजे वेटहाउडरच्या जोडीदाराला, सभागृहात बसून मतही देता येतं. २०२४ पर्यंत मतदान सक्तीचं होतं. त्या वर्षी स्थानिक निवडणुकांपुरती सक्ती उठली.

यातून काय होतं ते कॅलेंडरवर पाहावं. नासाऊची निवडणूक २०१४, २०१८, २०२२, २०२६. हेर्टोगची २०१२, २०१८, २०२४. दोन्ही एका वर्षात येण्याचा योग बारा वर्षांनी, जवळजवळ कुंभमेळ्यासारखा: २०१८ नंतर थेट २०३०. मधल्या काळात एका बाजूचे लोक नवे, दुसऱ्या बाजूचे मुरलेले. किंवा एका बाजूला प्रचाराची घाई आणि दुसऱ्या बाजूला निवांतपणा. एखादं संयुक्त काम काढायचं तर दोन्हीकडे नव्या माणसांनी फाइल पहिल्यापासून वाचायची नसेल अशी दोन-अडीच वर्षांची खिडकी शोधावी लागते.

मतदाराचं पारडं मात्र इथे जड आहे. युरोपीय संघाच्या कुठल्याही नागरिकाला तो जिथे राहतो तिथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. नेदरलँड्समध्ये त्याचं नाव आपसूक यादीत येतं, बेल्जियममध्ये अर्ज करून नोंदवावं लागतं. आणि या छोट्या फरकामुळे हेर्टोगमधल्या डच माणसाचं मत राहून जाऊ शकतं. संघाबाहेरच्या लोकांनाही दोन्ही देशांत पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर पालिकेपुरतं मत आहे. तासाभराच्या अंतरावरच्या आइंडहोव्हनमध्ये राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना हा हक्क लागू आहे. मतदानासाठी घरी येणारं पत्र जाहिरातीचं समजून टाकून देऊ नये, एवढंच.

आता एकत्र काम. १९८६ मध्ये बेनेलक्स देशांनी, म्हणजे बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी, सीमेपलीकडच्या पालिकांना सहकार्य करता यावं म्हणून एक करार केला. त्याने तीन वाटा दिल्या: साधा प्रशासकीय समझोता, संयुक्त मंडळ, किंवा स्वतंत्र सार्वजनिक संस्था. बार्लेने १९९८ मध्ये मधली वाट धरली आणि दोन्ही पालिकांचं संयुक्त मंडळ काढलं. मधल्या वाटेची खोच अशी की या मंडळाला कायद्याने स्वतःचं व्यक्तिमत्त्व नाही. त्याला करार करता येत नाही, माणूस नोकरीवर ठेवता येत नाही, जागा विकत घेता येत नाही. ते बसून ठरवू शकतं. सही कुणीतरी दुसऱ्याने करायची. मग पद्धत पडते ती अशी की एक पालिका पुढे होते, निविदा आपल्या देशाच्या नियमांनी काढते, कंत्राटदाराशी करार आपल्या नावाने करते आणि दुसरीला तिच्या हिश्श्याचं बिल पाठवते. हिस्सा लोकसंख्येने की रस्त्याच्या लांबीने की दारांच्या संख्येने, यावर खरी चर्चा होते. नेहमी मोठ्या पालिकेने पुढे व्हायचं म्हटलं तर धाकटीला आपण तिच्या दारात उभे आहोत असं वाटतं. धाकटीने पुढे व्हायचं तर तिच्याकडे तेवढे अभियंते नसतात.

सांडपाण्याला गट नंबर कळत नाही, उतार कळतो. गटाराची नळी एका देशाच्या घरापुढून निघून दुसऱ्या देशाच्या मॅनहोलमध्ये पडली नाही तर मधल्या तुकड्यासाठी वेगळा पंप बसवावा लागेल. दिव्यांचंही तेच: मधले तीन खांब एका देशाचे आणि पुढचे चार दुसऱ्याचे असतील, तर बंद दिव्याची तक्रार कुठे करायची हे खांबाकडे पाहून कळायला हवं. अग्निशमनाचं प्रकरण जास्त गंभीर. डच नळीची जोडणी स्टोर्झ पद्धतीची, बेल्जियन डीएसपी पद्धतीची. एकीचं तोंड दुसरीत बसत नाही. पाणी आहे, नळी आहे, आग समोर आहे, आणि मधला जोडतुकडा गाडीत नाही, ही वेळ यायला नको म्हणून तो गाडीत ठेवायचा असतो. दोन सरकारांचा समन्वय या शब्दाचा तळहाताएवढा अर्थ पाहायचा तर तो धातूचा जोडतुकडा पाहावा.

नियम सारखे असतात तोवर गावाला सीमा जाणवत नाही; सरकारं वेगळी वागू लागली की ती वर येते. मार्च २०२० मध्ये बेल्जियमने जीवनावश्यक नसलेली दुकानं बंद केली, नेदरलँड्सने तेव्हा केली नव्हती. एका कपड्यांच्या दुकानाच्या मधून सीमा जाते. त्या दुकानाने बेल्जियन अर्ध्यात पट्टी बांधली आणि डच अर्ध्यात विक्री चालू ठेवली. सीमेच्या बाबतीत ही गोष्ट जगभर हसण्यावारी गेली. पण विक्रेत्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर वेगळंच दिसतं: दुकान कोणत्या देशाचं हे दारावर ठरतं असं आयुष्यभर ऐकलं आणि नेमक्या त्या आठवड्यात ते फरशीवर ठरलं. फटाक्यांचंही असंच. डच नियम कडक होत गेले आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत डच गिऱ्हाइकांची गर्दी हेर्टोगच्या तुकड्यांमधल्या दुकानांकडे वळू लागली. विक्री एका पालिकेच्या हद्दीत, गाड्यांची रांग दुसरीच्या रस्त्यावर.

इथे कूचबिहारची आठवण येणं साहजिक आहे. भारत-बांगलादेश सीमेवर छिटमहाल नावाचे १६२ तुकडे होते, भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१. दहला खगराबाडी हा तर भारताच्या तुकड्यातल्या बांगलादेशच्या तुकड्यातला... थांबा, सावकाश: बांगलादेशने वेढलेल्या भारतीय तुकड्याच्या आत बांगलादेशी तुकडा आणि त्याच्या आत पुन्हा भारताचं एक शेत. सांगताना अजूनही जीभ अडखळते. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री सगळ्यांची अदलाबदल झाली आणि गुंतागुंतीचा मान बार्लेकडे आला. नकाशे सारखेच वेडेवाकडे होते. पण छिटमहालातल्या माणसाकडे शाळा, वीज, पोलीस, दाखला यांपैकी काहीच धड पोचत नव्हतं, आणि बार्लेतल्या माणसाच्या दारात दोन-दोन सरकारं उभी असतात. तिथे सीमा मिटवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. इथे मिटवण्यापेक्षा सांभाळणं स्वस्त पडतं, आणि आता तर पर्यटकही त्याचसाठी येतात.

सांभाळणं म्हणजे काय ते एका साध्या ठरावात दिसतं. समजा, दोन्ही देशांतून जाणाऱ्या एका रस्त्यावर गाड्या लावायला बंदी करायची आहे. संयुक्त मंडळात एकमत झालं. तरी तिथे काहीच मंजूर झालेलं नाही. मसुदा नासाऊकडे जातो, तिथे तो डच वाहतूक कायद्याच्या कलमांचा आधार घेतो. दुसरी प्रत हेर्टोगकडे, तिथे बेल्जियन कलमं. पाट्यांचा आकार, दंडाची रक्कम, अपिलाची मुदत, सगळं आपापलं. भाषा एकच असल्यामुळे दोन्ही मसुदे सारखे दिसतात आणि नेमकी तिथेच गफलत होते, कारण एकाच शब्दाचा दोन्ही कायद्यांत वेगळा अर्थ असू शकतो. एका सभागृहाने रस्त्याच्या लांबीत दहा मीटरचा बदल सुचवला की मसुदा परत मंडळाकडे, तिथून पुन्हा दुसऱ्या सभागृहाच्या पुढच्या बैठकीकडे. मधल्या काळात त्या दहा मीटरवर गाडी लावली तर चालते.